तोळाभर शिसे

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी पुण्याहून धाकट्या बहिणीचा फोन आला, तेव्हा मी घरी नव्हतो. "वहिनी, दादा कुठे गेलाय?" तिने विचारले. आमच्या सौभाग्यवतींनी अत्यंत सरळपणाने उत्तर दिले, "शेजारी गेलेत. दारू भरायला."

पुढे दहा मिनिटे पुण्याच्या बाजूने फोनवर कोणी बोललेच नाही, असे म्हणतात. ही अतिशयोक्ती असेल, पण रात्री उशिरा मला बहिणीचा संदेश आला, त्यात "या वयात!" एवढे दोनच शब्द होते.

दोष तिचा नाही, आपल्या भाषेचा आहे. जे बाटलीत असते तेही दारू आणि जे बंदुकीत असते तेही दारू! आपल्या पूर्वजांनी दोन्हींचे परिणाम पाहून एकाच शब्दात काम भागवले असावे. मी भरतो ती दुसऱ्या प्रकारची दारू. तीही स्वतःच्या घरी नव्हे. शेजारच्या मास्तरांच्या तळघरात.

मास्तर हे त्यांचे नाव नव्हे. ते पक्के अमेरिकन आहेत. पेनसिल्वेनियातल्या आमच्या डोंगराळ गावच्या शाळेत त्यांनी तीस वर्षे मुलांना सुतारकाम आणि लोहारकाम शिकवले, म्हणून मी मनातल्या मनात त्यांना मास्तर म्हणू लागलो. आणि एकदा तोंडातून निघून गेले ते कायमचे. आता तेही फोनवर "मी मास्तर बोलतोय" असेच म्हणतात. वय एक्क्याऐंशी. पत्नी जाऊन सहा वर्षे झाली. कानाने कमी ऐकू येते, डाव्या हाताला किंचित कंप आहे, आणि जवळचे बारीक आकडे वाचायला दोन चष्मे लागतात.

या मुलुखात हरणांच्या शिकारीचा हंगाम म्हणजे सणच. वर्षानुवर्षे तो थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी सुरू होत असे, आणि त्या दिवशी खेड्यापाड्यांतल्या शाळांना चक्क सुटी असे. २०१९ साली सरकारने तो आदल्या शनिवारी आणला. मास्तरांनी या गोष्टीला अजून मान्यता दिलेली नाही. हंगामाच्या आधी, म्हणजे बरोबर आपल्या दिवाळीच्या सुमारास, ज्याला त्याला आपली बंदूक आणि आपली काडतुसे तपासून पाहायची घाई होते, आणि गावाबाहेरच्या चांदमारीच्या मैदानावर गर्दी उसळते. एका अर्थाने आमच्याकडे फटाके तेव्हाच वाजतात.

मी शिकारी नाही, हे आधीच सांगितलेले बरे. मी फक्त कागद मारतो. बंदुकीपायी या देशात काय काय अनर्थ होतात ते मी रोज वर्तमानपत्रात वाचतो, आणि वाचून माझेही मन विषण्ण होते. मग मी त्या तळघरात जातो कशाला? त्याचे कारण मास्तर नव्हेत. माझे वडील आहेत.

वडील खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात होते. १८६९ साली उभा राहिलेला हा जुना कारखाना. आमचे लहानपण त्याच्या भोंग्यावर चालले. वडील कामाला निघताना सदऱ्याचे आणि पाटलोणीचे सगळे खिसे उलटे करून पाहायचे, चुकून काड्यापेटी राहिली तर नाही ना म्हणून. आणि वडील तर विडीसुद्धा ओढत नव्हते! त्यांनी पाहून झाले की आईला पाहायला सांगायचे. दिवाळीला सगळ्या चाळीत ॲटमबाँब फुटत असत. आम्हांला मात्र फुलबाज्या आणि टिकल्यांची एक डबी. "तुमच्याच कारखान्यात एवढी दारू असते, मग आम्हांला फटाके का नाहीत?" असे मी एकदा रडत रडत विचारले होते. वडील म्हणाले, "असते म्हणूनच नाहीत."

त्यांची आणखी एक खोड होती. वाण्याकडून आणलेले सुटे पैसे मी मोजून त्यांच्या हातात दिले, की ते पुन्हा मोजायचे. मला फार राग येई. "मी मोजलेत ना, बाबा?" "तू मोजलेस म्हणून तर मी मोजायचे," ते म्हणत. हा अविश्वास नव्हता, ही त्यांच्या कामाची रीत होती. पण आठ वर्षांच्या मुलाला ते कसे कळावे!

पहिल्यांदा मास्तरांच्या तळघरात गेलो तेव्हा त्यांनी एक पितळी पुंगळी माझ्या तळहातावर ठेवली, आणि साठ वर्षांपूर्वीचा वडिलांच्या कपड्यांचा वास मला आला. असा वास खरोखर आला की मला वाटला, हे सांगता येत नाही. पण मी तेव्हापासून तेथे जाऊ लागलो.

काडतूस म्हटले की आपल्याला १८५७ साल आठवते आणि दातांनी तोडायची ती कागदी पुडी आठवते. आताचे काडतूस म्हणजे चार वस्तूंचा संसार. एक पितळेची पुंगळी, तिच्या बुडात बसवलेली टिकली, आपल्या पिस्तुलातल्या टिकलीची सख्खी पण तापट बहीण, पोटात दारू, आणि तोंडाशी गोळी. बार उडाला की टिकली जळते, दारू जळते, गोळी निघून जाते, आणि पुंगळी तेवढी मागे राहते. ही पुंगळी पुन्हा वापरता येते. म्हणून घरी काडतुसे भरण्याचा हा उद्योग. विकायची असतील तर येथे परवाना लागतो. स्वतःपुरती भरायला देशाच्या कायद्याची आडकाठी नाही. आपल्याकडे परवान्यावाचून एक काडतूससुद्धा जवळ बाळगता येत नाही, हे मी मास्तरांना सांगितले तेव्हा ते बराच वेळ गप्प होते.

बार उडताना पुंगळी फुगते. तिला साच्यात दाबून पुन्हा मूळ मापावर आणावी लागते. असे चार-सहा वेळा झाले की पितळ ताठर होते आणि मानेशी चिरते. म्हणून मधूनमधून मान तापवून नरम करायची. पुण्याच्या तांबट आळीत लहानपणी मी पाहिले होते, तांबट ठोकता ठोकता मध्येच भांडे भट्टीत धरायचा. ते का, हे मला पेनसिल्वेनियात कळले.

दारूचे मात्र तापवून-ठोकून भागत नाही. ती मापावी लागते. दिसायला ती काळ्या शेवयांचा चुरा असावा तशी दिसते, आणि मोजायची ती ग्रेनमध्ये. सात हजार ग्रेन म्हणजे एक पौंड. आपल्या सराफाच्या भाषेत सांगायचे तर जवळजवळ दोन ग्रेन म्हणजे एक गुंज. आणि एक तोळा म्हणजे बरोबर १८० ग्रेन. गंमत अशी, की मास्तरांच्या बंदुकीला जी गोळी लागते तीही १८० ग्रेनांचीच, म्हणजे नेमकी तोळाभर! वरून तांब्याचा पत्रा आणि आत शिसे. हा हिशेब मी त्यांना करून दाखवला तेव्हा म्हातारा लहान मुलासारखा हसला. "म्हणजे मी आयुष्यभर हरणांच्या अंगावर तोळे उधळत आलो!" ते म्हणाले.

ती बंदूक त्यांच्या वडिलांची. तिचे काडतूस १९०६ सालचे, म्हणून त्याचे नावच 'थर्टी-ऑट-सिक्स': तीस हे नळीचे माप आणि सहा हे साल. गोळी सुटते ती सेकंदाला सुमारे २७०० फुटांच्या वेगाने. आतला दाब दर चौरस इंचाला साठ हजार पौंडांपर्यंत जाऊ शकतो. तोंडापासून फुटभरावर असे काही घडत असताना माणूस गाल टेकवून शांतपणे बसतो, तो केवळ कोणीतरी नीट मापले आहे या भरवशावर.

कोणती दारू, किती ग्रेन, हे मी येथे लिहीत नाही. या विद्येतला पहिला नियमच असा, की माप छापील ग्रंथात पाहायचे, कोणाच्या तोंडून ऐकलेले घ्यायचे नाही. मग तो सांगणारा प्रत्यक्ष मास्तर का असेना. ग्रंथात खालची आणि वरची अशा दोन मर्यादा असतात. खालून सुरुवात करायची, अर्ध्या अर्ध्या ग्रेनाने चढायचे, प्रत्येक पायरीची पाच काडतुसे भरायची आणि मैदानावर जाऊन कोणत्या पायरीला बंदूक खूश आहे ते तिलाच विचारायचे. प्रत्येक बंदुकीचा स्वभाव निराळा. जास्त दारू म्हणजे जास्त चांगली नेमबाजी, असे मुळीच नाही. (बहिणीला हे वाक्य फार आवडले.)

तळघरात आमची कामे वाटलेली होती. मास्तर दारू तोलायचे आणि पुंगळीत ओतायचे. पन्नास भोकांची एक लाकडी पाटी, त्यांनी स्वतःच्या हाताने केलेली. तिच्यात पुंगळ्या उभ्या. एक ओळ भरली की मी विजेरी घेऊन प्रत्येक पुंगळीत डोकावायचे, दारू सगळीकडे सारख्या उंचीवर आहे ना ते पाहायचे, आणि वहीत त्या ओळीसमोर खूण करायची. मगच गोळ्या बसवायच्या. "माझे डोळे आता साक्षीदार म्हणून चालत नाहीत," मास्तर म्हणाले होते, "म्हणून तुम्ही."

तो ऑक्टोबरातला शनिवार होता. मेपलची पाने लालभडक झालेली, वारा पडलेला, उन्हाला नुकती ऊब येऊ लागलेली. पाच पायऱ्यांची पंचवीस काडतुसे घेऊन आम्ही मैदानावर गेलो. कानांवर कर्णरक्षक चढवले. शंभर यार्डांवर कागद लावले. वाळूच्या पिशव्यांवर बंदूक टेकवली आणि शेजारी वेगमापकाची छोटी डबी मांडली. मास्तरांनी त्या दिवशी बसायचा मान मला दिला; ते स्वतः वही घेऊन मागे उभे राहिले.

पहिल्या पायरीच्या पाच गोळ्या कागदावर पुरीएवढ्या वर्तुळात विखुरल्या. नळी निवू दिली. दुसरीच्या जरा जवळ आल्या. तिसरीच्या लिंबाएवढ्या जागेत. चौथी पायरी लागली आणि बंदुकीला जणू कंठ फुटला! पहिली गोळी, दुसरी तिच्या शेजारी, तिसरी दोघींना चिकटून, चौथी त्याच भोकात. वर्तुळाच्या एका अंशाचे साठ भाग केले तर त्यातल्या एका भागाला नेमबाज मिनिट म्हणतात. शंभर यार्डांवर तो इंचाहून किंचित मोठा भरतो. एका मिनिटाच्या आत पाच गोळ्या बसल्या की माणूस वर्षभर त्या कागदाची घडी खिशात घेऊन हिंडतो. माझ्या चार गोळ्या अर्ध्या मिनिटात होत्या. एकच उरली होती.

मी श्वास सोडला आणि चाप ओढला.

'फट्' असा आवाज झाला. लवंगी फटाका भिजला तर होतो तसा. कर्णरक्षकातून तर तो कोणी टिचकी मारल्यासारखाच ऐकू आला. खांद्याला धक्का नाही, कागदावर भोक नाही. काडतूस फुसके निघाले, एवढेच मला वाटले. आणि त्या अर्धवट राहिलेल्या चमत्काराचा मला असा काही लोभ सुटला होता, की माझा हात आपोआप खटक्याकडे गेला. पाचव्या पायरीचे काडतूस समोरच होते. तेच घालून पाहावे! निदान गंमत तर कळेल!

माझ्या मनगटावर एक हात पडला. त्या हाताला कंप नव्हता.

"हलू नका," मास्तर म्हणाले. "तोंड समोरच राहू द्या."

आम्ही पूर्ण एक मिनिट तसेच थांबलो. कधी कधी टिकली उशिरा पेट घेते, म्हणून थांबायचे असते. मग त्यांनी खटका उघडला, रिकामी पुंगळी काढली, खटका बंदुकीतून बाहेरच काढून घेतला आणि नळीतून आभाळाकडे पाहिले. काही न बोलता बंदूक माझ्याकडे दिली. मीही पाहिले. नळीच्या दुसऱ्या टोकाला नेहमी आभाळाचे एक गोल नाणे दिसते. ते नव्हते. खंडाळ्याच्या बोगद्यात शिरावे आणि पुढचे तोंड बुजलेले असावे, तसा अंधार.

ज्या पुंगळीत दारूच नव्हती, तिच्या नुसत्या टिकलीने ती तोळाभर गोळी नळीत चार बोटे ढकलली होती आणि तेथे ती बसून राहिली होती. तिच्यामागे मी भरलेले काडतूस उडवले असते, तर त्या साठ हजार पौंडांना वाट मिळाली नसती. त्यांनी ती माझ्या चेहऱ्याच्या शेजारून काढली असती.

ज्या माणसाला हाक ऐकू येत नाही त्याला तो आवाज कसा ऐकू आला, असे मी नंतर विचारले. "आवाज कुणी ऐकला?" ते म्हणाले. "बंदूक हलली नाही."

परत येताना गाडी मी चालवीत होतो. हात कापत होते, आणि भीती ओसरू लागली तसा तिच्या जागी राग चढू लागला. दारू ओतायचे काम कोणाचे होते? मास्तरांचे! त्या रात्री ओतता ओतता ते मध्येच कॉफी आणायला उठले होते, हे मला स्वच्छ आठवले. परत आल्यावर एक पुंगळी सोडून पुढच्या पुंगळीत ओतली, दुसरे काय! वय झाले. आज माझा जीव जाता जाता वाचला. आता हे थांबले पाहिजे, आणि ते त्यांना कोणीतरी सांगितले पाहिजे. त्यांची मुले दूर, म्हणजे मीच. घर येईपर्यंत मी मनात भाषण तयार केले. फार सुरेख भाषण होते ते. त्यात त्यांच्या आजवरच्या ज्ञानाचा गौरव होता, निसर्गनियमाचा उल्लेख होता, आणि शेवटी छंद बदलण्याची एक नम्र सूचना होती.

तळघरात गेल्यावर त्यांनी नळीत तेल सोडले आणि पितळी गज पुढून घालून लाकडी हातोडीने हळूहळू ठोकू लागले. मला म्हणाले, "वही काढा. चौथी ओळ पाहा, काय लिहिले आहे ते."

मी वही उघडली. चौथ्या ओळीसमोर दारूचे माप त्यांच्या अक्षरात होते. त्यापुढे पेन्सिलीची खूण होती. आणि खुणेशेजारी माझ्या नावाचे आद्याक्षर. माझे, माझ्या हाताचे.

ती रात्र मग सबंध डोळ्यांपुढे उभी राहिली. मास्तर कॉफी घेऊन आले, आणि मी त्यांना खडकीची गोष्ट सांगू लागलो. वडील खिसे कसे उलटे करीत, टिकल्यांची डबी कशी मिळे, सुटे पैसे दोनदा कसे मोजीत! गोष्ट रंगात आली होती. विजेरी माझ्या हातातच होती. मी ती पेटवली होती का, हे आजही मला आठवत नाही. खूण मात्र केली होती. वडिलांच्या काळजीपणाची गोष्ट सांगता सांगता मी न पाहता खूण केली होती!

गज ठोकण्याचा आवाज थांबला. टप् करून गोळी वर्तमानपत्रावर पडली.

"मास्तर," मी म्हणालो, "ही ओळ मी पाहिलीच नव्हती."

ते काही वेळ चष्मा पुसत राहिले. "मी एक पुंगळी सोडली," ते म्हणाले. "माझ्या हातून असे कधीतरी होणार हे मला ठाऊक होते. म्हणून तर तुम्हांला बोलावले."

माझे सुरेख भाषण तेथेच संपले. त्यांचे चुकले हे खरे. पण त्यांची चूक होणार हे गृहीत धरूनच माझी नेमणूक झाली होती. चुकायचा हक्क त्यांना होता. तो मला नव्हता.

मग आम्ही न उडवलेली पाचव्या पायरीची पाचही काडतुसे मोडली. सगळी बरोबर निघाली, तरी मोडली. दारू मास्तरांनी गुलाबाच्या मुळाशी पसरली. तिच्यात नत्र असते, झाडांना मानवते. वहीत चौथ्या ओळीखाली त्यांनी पेन्सिलीने लिहिले : 'एक रिकामे. दोघांची चूक.' मी म्हणालो, "माझी लिहा." त्यांनी मान हलवली. "वहीत खरे तेवढेच लिहायचे असते."

त्या दिवसापासून तळघरात दोन नवे नियम आहेत. विजेरी पेटलेली असताना गोष्ट सांगायची नाही. आणि मी पाहून झाले की विजेरी त्यांच्या हातात द्यायची. त्यांचे डोळे साक्षीला चालोत वा न चालोत. पहिल्यांदा ते असे डोकावू लागले, तेव्हा माझ्या तोंडून निघून गेले, "मी पाहिले आहे ना, मास्तर?"

"तुम्ही पाहिले म्हणून तर मी पाहतो," ते म्हणाले.

त्यांना खडकी कोठे आहे हेही ठाऊक नाही. माझ्या वडिलांना जाऊन बावीस वर्षे झाली. मी विजेरी त्यांच्या हातात देऊन जिन्याकडे तोंड करून उभा राहिलो. काहीतरी डोळ्यांत गेले होते.

ती गोळी मी मागून घेतली. तिच्या अंगावर नळीच्या पिळाचे चार बारीक ओरखडे आहेत. आता ती माझ्या टेबलावर असते. गेल्या पाडव्याला बहिणीशी बोलताना पडद्यावर तिला ती दिसली. तांब्याचा पत्रा दिव्याच्या उजेडात चमकत होता.

"दादा, ते काय रे? सोन्याचं आहे?"

"नाही गं," मी म्हणालो. "पण तोळाभर आहे."